चित्र बदलताना पडद्यावर काय घडते: शांबरिक खरोलिका ते सीजीए कार्ड

वाराणसीच्या अमृतराव घाटाची दोन छायाचित्रे तुमच्याजवळ आहेत असे समजा. (रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे, त्यांच्या नावाचा हा घाट. काशीत मराठी नावे अशी पावलोपावली भेटतात.) दोन्ही छायाचित्रे एकाच जागेवरून, एकाच कोनातून काढलेली आहेत. एक वैशाखातले आहे, त्यात पायऱ्या पार खालपर्यंत उघड्या दिसतात. दुसरे भाद्रपदातले आहे, त्यात गंगा चढलेली आहे आणि बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली गेल्या आहेत. पुराच्या पातळीवर सेमिनार द्यायचा आहे आणि ही दोन चित्रे एकामागून एक दाखवायची आहेत. मधला बदल कसा कराल?

पहिले चित्र झटक्यात काढून दुसरे लावले, तर पाहणाऱ्याचे पहिले दोनतीन सेकंद ‘ही तीच जागा का?’ हे ठरवण्यात जातात. पहिले विरत दुसरे उमटले, म्हणजे डिझॉल्व्ह वापरला, तर इमारती जागच्या जागी राहतात, फक्त पायऱ्या विरघळतात, आणि जागा तीच असून काळ बदलला हे न सांगता कळते. खालून वर वाइप केला तर पाणी चढताना दिसते. डावीकडून उजवीकडे वाइप केला तर मात्र पाहणाऱ्याला वाटते की आपण शेजारच्या घाटावर गेलो. चित्रे तीच आहेत, पण विधाने वेगळी झाली. ट्रान्झिशनला ‘सजावट’ म्हणून मोकळे होता येत नाही ते यासाठी.

आता इतिहासाकडे येऊ. कोणत्या काळी कोणता इफेक्ट प्रचारात आला, हे बहुधा कलावंताच्या आवडीने ठरलेले नाही. यंत्राला जे स्वस्तात जमले ते रूढ झाले. आणि गंमत अशी की कंदिलाच्या यंत्राला जे जवळजवळ फुकट मिळत होते, तेच संगणकाला सर्वांत महाग पडले.

कंदिलाची आपल्याकडची ठळक नोंद कल्याणची आहे. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जाहीर खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया, जादू. मॅजिक लँटर्नला त्यांनी दिलेले हे मराठी नाव. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलातून मोठ्या पडद्यावर पाडायची आणि सोबत निवेदन, संवाद, गाणी. विषय रामायण-महाभारतातले, तसेच सर्कशीसारखे लौकिकही. पुढे त्यांचे मुलगे विनायक आणि रामचंद्र यांनी हे काम चालू ठेवले. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. म्हणजे कल्याणचा हा खेळ त्याआधीचा. आपल्या अभ्यासाचा मुद्दा असा की एकापेक्षा जास्त कंदील वापरून पटवर्धन एका चित्रातून दुसऱ्यात जात असत, आणि एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था रंगवलेल्या काचा पटापट बदलून हालचालीचा भास निर्माण करत. एका चित्राची जागा दुसऱ्याने कशी घ्यावी, हा प्रश्न त्यांच्या खेळाच्या केंद्रस्थानी होता.

इंग्लंडमध्ये ‘विरघळती दृश्ये’ १८३० च्या दशकापासून गाजत होती. त्यामागची यंत्रणा समजून घ्या, कारण पुढे तिचाच उपयोग होणार आहे. दोन कंदील एकाच पडद्यावर, एकाच चौकटीवर रोखलेले असतात. चुन्याच्या तुकड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून मिळणारा प्रखर प्रकाश, म्हणजे लाइमलाइट, वापरत असाल तर दोन्ही कंदिलांना वायू पुरवणारी एकच तोटी असते. ती फिरवली की एकाचा प्रकाश घटतो आणि तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. तेलाचे दिवे असतील तर कंगव्यासारख्या दातांची झडप एका भिंगापुढे सरकते आणि दुसऱ्यापुढून हटते. बेरीज कोण करते? पडदाच करतो. दोन प्रकाश एका जागी पडले की ते आपोआप मिळतात, प्रत्येक बिंदूवर, एकाच क्षणी. अवघड काम निराळे होते. दोन काचांवरील रेषा पडद्यावर तंतोतंत जुळायला हव्या असत. काही इंचांच्या काचेवरचे चित्र अनेक पट मोठे होणार, त्यामुळे रंगवताना केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावर भिंत टुणकन उडे.

सिनेमाने हीच युक्ती कॅमेऱ्यात नेली: शेवट अंधारत न्यायचा, फिल्म मागे गुंडाळायची, त्याच पट्टीवर पुढच्या दृश्याची सुरुवात उजळत चित्रित करायची. तिथेही बेरीज रसायन करते, माणूस नव्हे. त्यावर अधिक थांबायला नको.

आता १९८१ मध्ये या. आयबीएम पीसी, ४.७७ मेगाहर्ट्झवर चालणारा ८०८८ प्रोसेसर आणि सीजीए कार्ड. ग्राफिक्समध्ये ३२० × २०० पिक्सेल आणि चार रंग. एका पिक्सेलला दोन बिट, म्हणजे पूर्ण पडदा १६,००० बाइटचा. या मेमरीची मांडणी सरळ नव्हती. सम क्रमांकाच्या ओळी पहिल्या कप्प्यात आणि विषम ओळी ८,१९२ बाइट पुढे, दुसऱ्या कप्प्यात. याचा परिणाम काय होईल, पुढे वाचण्याआधी स्वतः विचार करून पाहा.

बेसिकमध्ये बीलोड ही आज्ञा देऊन फ्लॉपीवरचे चित्र सरळ पडद्याच्या मेमरीत उतरवले, की आधी वरून खाली एकाआड एक ओळी भरत, मग पुन्हा वरून उरलेल्या ओळी. जुन्या चित्रात नवे चित्र विणले जात असल्याचा भास होई. हा इफेक्ट कोणी रचलेला नव्हता. ती मेमरीची मांडणी होती, फ्लॉपीच्या संथपणामुळे डोळ्यांना दिसलेली. माझ्या मते संगणकावरचे बरेचसे जुने वाइप याच कुळातले आहेत. नवे चित्र लपलेल्या मेमरीत तयार ठेवायचे आणि पडद्याच्या मेमरीत उतरवताना क्रम बदलायचा: डावीकडून उजवीकडे, मधून कडेला, चौकटीचौकटीने. काम तेवढेच, प्रत्येक बाइट एकदाच हलवायचा. म्हणून वाइप स्वस्त.

डिझॉल्व्हचा हिशेब करू. प्रत्येक पिक्सेलसाठी जुनी किंमत + प्रमाण × (नवी − जुनी), म्हणजे किमान एक गुणाकार. ८०८८ वर आठ बिटांच्या गुणाकाराला सुमारे ७० घड्याळ-ठोके लागतात. ६४,००० पिक्सेल × ७० = ४४,८०,००० ठोके, म्हणजे नुसत्या गुणाकारांना जवळजवळ एक सेकंद, आणि तेही एका मधल्या चित्रासाठी. अशी सोळा मधली चित्रे हवीत तर पंधरा सेकंद. कोष्टक वापरून गुणाकार टाळता येतील, पण मुळातली अडचण उरतेच: चारच रंग असतील तर ‘अर्धे हे, अर्धे ते’ असा मधला रंग आणणार कुठून?

मग प्रोग्रामरांनी विरण्याचे सोंग आणले. रंग मिसळता येत नाही, तर पिक्सेल मिसळा. नव्या चित्राचे ठिपके विखुरलेल्या क्रमाने टाकत जायचे. अर्धे टाकून झाले की दुरून मिश्रण झाल्यासारखे वाटते. प्रश्न क्रमाचा. निव्वळ यादृच्छिक संख्या घेतल्या तर तेच ठिपके पुन्हा पुन्हा निघतात आणि शेवटचे काही निघता निघत नाहीत. सर्व क्रमांक पिसून यादीत ठेवावेत तर यादीलाच चित्रापेक्षा जास्त मेमरी लागते. यावरचा देखणा तोडगा म्हणजे शिफ्ट रजिस्टर. लहान उदाहरण वहीत करून पाहा. १ पासून सुरुवात करा. संख्या सम असेल तर तिचे बिट एक घर उजवीकडे सरकवा. विषम असेल तर सरकवून आलेल्या संख्येचा ६ शी एक्स-ऑर करा. क्रम येतो: १, ६, ३, ७, ५, ४, २, आणि पुन्हा १. एक ते सात या सर्व संख्या, प्रत्येक एकदाच, विस्कटलेल्या क्रमाने, आणि लक्षात ठेवायची फक्त एक संख्या! सोळा बिटांचे योग्य रजिस्टर घेतले तर ६५,५३५ संख्या मिळतात. ६४,००० किंवा त्याहून मोठी आली की सोडून द्यायची, आणि शून्य क्रमांकाचा पिक्सेल हाताने टाकायचा, कारण शून्य या फेरीत कधीच येत नाही. माइक मॉर्टन यांनी ही रीत १९९० च्या ‘ग्राफिक्स जेम्स’ या संग्रहात मांडली आहे. वोल्फेनस्टाइन थ्रीडी (१९९२) या खेळात खेळाडू मेला की पडदा ठिपक्याठिपक्यांनी लाल होतो, तोही अशाच रजिस्टरने. फक्त ते सतरा बिटांचे आहे.

१९८७ मध्ये व्हीजीए आल्यावर आणखी एक स्वस्त वाट निघाली. २५६ रंगांच्या मोडमध्ये पिक्सेलमध्ये रंग नसतो, रंगतक्त्यातला क्रमांक असतो. तक्त्यात २५६ × ३ = ७६८ आकडे, प्रत्येक ० ते ६३. चित्राला हात न लावता हे आकडे उतरवत नेले की पूर्ण पडदा अंधारतो. त्या अंधारात नवे चित्र डिस्कवरून आणायचे आणि तक्ता पुन्हा चढवायचा. थांबणे लपले आणि वर नाटकातल्या अंधाराचा डौलही मिळाला.

आमच्या पिढीने हे टर्बो सीमध्ये केले. गेटइमेजने एका वेळी ६४ किलोबाइटपेक्षा मोठा तुकडा उचलता येत नसे आणि ६४० × ४८० चा सोळा रंगी पडदा १,५३,६०० बाइटचा. मग पडदा आडव्या पट्ट्यांत कापायचा आणि पुटइमेजने एकेक पट्टी टाकायची. प्रयोगशाळेतल्या जवळजवळ प्रत्येक मिनी प्रोजेक्टचे पहिले पान पट्ट्यापट्ट्यांनी उघडे. बाहेरून आलेल्या परीक्षकांना ती हौस वाटत असावी. आमच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

तयार पॅकेजेसनी या युक्त्यांना नावे दिली. बिल ॲटकिन्सन यांच्या हायपरकार्डमध्ये (१९८७) डिझॉल्व्ह, वाइप, आयरिस, बार्न डोअर, व्हेनेशियन ब्लाइंड्स, चेकरबोर्ड हे इफेक्ट एका ओळीच्या आज्ञेने मिळत. आयरिस मूकपटाच्या कॅमेऱ्यातून आलेला; चेकरबोर्ड मात्र अस्सल संगणकाचा, कंदिलात त्याला काहीच कारण नव्हते. पॉवरपॉइंटची त्याच वर्षीची पहिली आवृत्ती ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या ट्रान्सपरन्सी छापण्यापुरती होती. पारदर्शक कागद हातानेच बदलायचा, त्याला कसला आलाय इफेक्ट! ट्रान्झिशन आले १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीत, पडद्यावरच सादरीकरण करण्याची सोय झाल्यावर. तोवर यादी तयारच होती, आणि ती मुख्यतः जुन्या यंत्रांना काय झेपत होते याची यादी होती. कोणता इफेक्ट काय सांगतो, हे त्या मेनूत कुठेच लिहिलेले नव्हते. परिणामी घाटाच्या दोन चित्रांमध्ये चेकरबोर्ड लावणारा विद्यार्थी मला आजही भेटतो. खालून वरचा वाइपही जपून वापरा बरे का: पाणी एकसारख्या गतीने चढले असे तो सांगतो, आणि पूर तसा चढत नाही. आकडे असतील तर ते शेजारी लिहा.

आज ग्राफिक्स कार्डाला मिश्रण करायला काहीच श्रम पडत नाहीत. तरीही पडद्यावरचा डिझॉल्व्ह बहुतेक वेळा कंदिलासारखा नसतो. पूर्ण काळ्यातून पूर्ण पांढऱ्यात जाताना मधोमध दोन कंदिलांचा एकत्र प्रकाश निम्मा असतो. संगणक मात्र ० आणि २५५ यांची सरासरी १२८ काढतो. हे आकडे प्रकाशाच्या समप्रमाणात साठवलेले नसतात, आणि सुमारे २.२ घाताच्या पडद्यावर १२८ म्हणजे जेमतेम २२ टक्के प्रकाश. म्हणून गडद-उजळ चित्रांच्या डिझॉल्व्हमध्ये मधली अवस्था मलूल दिसते. बरोबर करायचे तर आधी आकड्यांवरून प्रकाश काढा, मग मिश्रण करा आणि पुन्हा आकड्यांत आणा. तीन ओळींचा बदल आहे. पुढच्या प्रात्यक्षिकात दोन्ही रीती शेजारी शेजारी चालवून पाहा.