दुर्मीळ सिंगल तबकड्यांचा संग्रह

गायकाच्या वा वाद्यवृंदाच्या उमेदवारीच्या काळातील, एका बाजूस एकच गाणे असलेल्या ध्वनिमुद्रिका शोधून, पारखून जपून ठेवण्याचा छंद. ब्रिटनमध्ये तो १९५० ते १९७० च्या दशकांतील पॉप व रॉक गायकांच्या सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांभोवती वाढला. महाराष्ट्रात या छंदाचे जवळचे रूप म्हणजे नाट्यगीते, रागदारी व भावगीते यांच्या दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा संग्रह. बोलीत तबकडीला ‘रेकॉर्ड’ किंवा ‘प्लेट’ म्हणतात. दोन्हीकडे पहिल्या तबकडीला मान असला, तरी ती दुर्मीळ होण्याची कारणे उलटसुलट आहेत. ब्रिटिश गायकाची पहिली तबकडी बहुधा खपली नाही म्हणून मिळत नाही. मराठी गायकाची बहुधा वाजवून वाजवून संपली म्हणून मिळत नाही.

७८ ची तबकडी लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू यांच्या मिश्रणातून दाबून काढत. एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी पिन वापरत आणि ती दर बाजूला बदलायची असे. काटकसरीने एकच पिन चार-सहा गाण्यांना पुरवली की खाचा खरवडल्या जात. आज हाती येणाऱ्या बहुतेक प्रतींची खरखर त्या काटकसरीची आहे. विनाइलची ४५ ची तबकडी अमेरिकेत १९४९ मध्ये आली. ब्रिटनमधील ईएमआय कंपनीने ती १९५२ मध्ये बाजारात आणली. हलकी, न फुटणारी आणि स्वस्त असल्याने ती तरुणांची तबकडी झाली. पुढची पंचवीस वर्षे नव्या गायकाची परीक्षा सिंगलवरच होई.

त्या परीक्षेत नापास झालेल्या तबकड्यांना आज सर्वाधिक मागणी आहे. त्या ओळखायच्या तर गायकांची जुनी नावे ठाऊक हवीत. डेव्हिड बोवीची पहिली सिंगल ‘लायझा जेन’ जून १९६४ मध्ये व्होकॅलियन छापावर निघाली, ती ‘डेव्ही जोन्स विथ द किंग बीज’ या नावाने. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘द हाय नंबर्स’ या नावाची ‘झूट सूट’ ही तबकडी फोन्टानाने काढली. सुमारे १,००० प्रतींची ही तबकडी फसली, आणि वादकांनी ‘द हू’ हे आपले आधीचे नाव परत घेतले. एल्टन जॉनचा आवाज १९६५ मध्ये ‘ब्लूजॉलॉजी’ या वाद्यवृंदाच्या सिंगलवर पहिल्यांदा उमटला. स्वतःच्या नावाची सिंगल निघायला १९६८ उजाडले. चेन्नईत जन्मलेल्या एंगलबर्ट हम्परडिंकने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘गेरी डॉर्सी’ या नावाने तबकड्या काढल्या होत्या. १९६७ च्या ‘रिलीज मी’नंतर लोक त्या शोधू लागले.

या यादीतील एका नावाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तेथेच ‘द हेक्टिक्स’ या शालेय वाद्यवृंदात तो पियानो वाजवू लागला. त्याच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदाची पहिली सिंगल जुलै १९७३ मध्ये निघण्याच्या थोडे आधी ईएमआयने ‘लॅरी ल्युरेक्स’ या टोपणनावाने एक सिंगल काढली. तिच्या एका बाजूस ‘आय कॅन हिअर म्युझिक’ आणि दुसऱ्या बाजूस ‘गोइन’ बॅक’ आहे. गायक फ्रेडी, आणि साथीला त्याचेच सहकारी ब्रायन मे व रॉजर टेलर. टोपणनाव म्हणजे त्या वेळच्या गॅरी ग्लिटर या गायकाची टिंगल होती, आणि चाहत्यांना ती रुचली नाही असे सांगतात. तबकडी पडली, आणि म्हणूनच आज तिचा भाव मोठा आहे. तिच्या नकली प्रतीही बाजारात फिरतात.

बीटल्सची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या तबकड्या लाखांनी खपल्या, त्यामुळे संग्राहकांची नजर खप सुरू होण्याआधीच्या प्रतींवर असते. पार्लोफोनने ५ ऑक्टोबर १९६२ रोजी ‘लव्ह मी डू’ विक्रीस आणली. त्याआधी नभोवाणी आणि वृत्तपत्रांसाठी सुमारे २५० नमुना प्रती काढल्या होत्या. त्यांच्या लेबलवर मॅकार्टनीचे आडनाव एक अक्षर गाळून चुकीचे छापले गेले, आणि छापखान्याची ती चूक हीच आता अस्सलपणाची खूण मानली जाते. त्याहून आधीची ‘माय बॉनी’ जर्मनीत १९६१ मध्ये टोनी शेरिडन व ‘बीट ब्रदर्स’ या नावाने निघाली. तिच्यावर ड्रम वाजवणारा पीट बेस्टही चेन्नईत जन्मलेला. या साऱ्यांच्या वर एकच वस्तू आहे. जुलै १९५८ मध्ये लिव्हरपूलच्या एका घरगुती स्टुडिओत ‘क्वॉरीमेन’ नावाने लेनन, मॅकार्टनी व हॅरिसन यांनी ७८ ची एकुलती एक तबकडी कोरून घेतली होती. मॅकार्टनीने ती १९८१ मध्ये जुन्या सहकाऱ्याकडून विकत घेतली आणि मित्रांसाठी सुमारे ५० प्रती काढल्या. त्या प्रतींनाही आता मूळ वस्तूसारखा मान आहे.

मराठीतील उलट उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातून येते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी १९२९ च्या सुमारास ‘शीळ’ ही कविता लिहिली. जी. एन. जोशी यांनी तिला चाल लावली, आणि १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या आवाजात ती एचएमव्हीच्या तबकडीवर आली. मराठी भावगीताची पहिली तबकडी म्हणून तिचाच उल्लेख होतो. तोवर मराठी तबकडी म्हणजे मुख्यतः नाटकातील पदे किंवा बैठकीची गायकी. रंगभूमीचा आधार नसलेली, पुस्तकातही न आलेली एक कविता तीन मिनिटांत घरोघर पोचते, हे या तबकडीने दाखवले. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह निघाला तो १९५४ मध्ये, म्हणजे तबकडीनंतर वीसेक वर्षांनी. वाचकांआधी देशपांडे श्रोत्यांना ठाऊक झाले होते. पुढे त्यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला (१९८६). ‘शीळ’ची तबकडी लोकांनी मनसोक्त वाजवली. त्यामुळे ती नुसती मिळणे हे काम नाही, खाचा शाबूत असलेली प्रत मिळणे हे काम आहे.

ब्रिटिश आणि मराठी या दोन धारा एकाच कारखान्यात भेटतात. एचएमव्ही हा छाप ज्या कंपनीचा, त्या ग्रामोफोन कंपनीने भारतातील पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात केले. मूळ साचे जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तेथून बनून येत. लेबल चुकू नये म्हणून गाणे संपताच कलावंत स्वतःचे नाव उच्चारी. गौहर जानची ती इंग्रजी ललकारी प्रसिद्धच आहे. पुढे कलकत्त्यातच कारखाना झाला आणि १९२८ पासून डमडम हे उत्पादनाचे केंद्र बनले. मराठी भावगीत, हिंदी चित्रपटगीत आणि पार्लोफोन, कोलंबिया यांच्या नावाची ब्रिटिश पॉप गाणी येथेच दाबली जात.

ब्रिटनमध्ये ७८ चे उत्पादन १९६० च्या सुमारास थांबले. लखनौत जन्मलेल्या क्लिफ रिचर्डची ‘मूव्ह इट’ ही पहिली सिंगल (१९५८) तिथे ४५ आणि ७८ अशा दोन्ही रूपांत निघाली. दोन वर्षांत दुसरे रूप लुप्त झाले. भारतात मात्र ७८ आणखी दशकभर टिकली. वीज न पोचलेल्या गावांत आणि तालुक्यांत चावीचा ग्रामोफोन चालू होता, आणि ४५ ची तबकडी त्यावर वाजत नाही. परिणामी डमडमहून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी ७८ वर निघत राहिली. ‘आर’ या ब्रिटिश क्रमांकांबरोबरच त्यांवर ‘डीपीई’ ही खास भारतीय क्रमांकमालाही दिसते. ब्रिटिश संग्राहकाला ही जोडी अशक्य वाटते: गाणे रॉकचे, तबकडी आजोबांच्या काळातली. अशा तबकड्यांना मागणी आज भारतापेक्षा परदेशांत अधिक आहे. या तबकड्या येथेही थोड्याच निघाल्या. विजेविना राहणाऱ्या गावांत इंग्रजी पॉपचे गिऱ्हाईक फारसे नव्हते, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाकडे ४५ चे यंत्र येऊ लागले होते.

मेहकरच्या कवितेला चाल देणारे जोशी पुढे एचएमव्हीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही त्यांचीच निर्मिती. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला. फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने चौरसिया, आशिष खाँ व इतर वादकांकडून ‘द इनर लाइट’चे संगीत मुद्रित करून घेतले. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूस प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. जिचे संगीत महाराष्ट्रात ध्वनिमुद्रित झाले अशी बीटल्सची बाजू हवी असेल, तर ही एकच आहे, आणि ती मुळीच महाग नाही.

पारख लेबलवरून सुरू होते आणि खाचा संपल्यानंतरच्या कोऱ्या कड्यावर ठरते. या कड्यात मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. १९६० च्या दशकातील ब्रिटिश ईएमआय तबकडीवर तो सरळ धरला, तर डावीकडे ‘मदर’चा म्हणजे मधल्या साच्याचा अंक आणि उजवीकडे एखाद-दोन इंग्रजी अक्षरे दिसतात. ती अक्षरे ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावातून निवडलेल्या दहा अक्षरांपैकी असून प्रत्येक अक्षर एका अंकाच्या जागी आहे: ‘जी’ म्हणजे १, ‘आर’ म्हणजे २, ‘ए’ म्हणजे ३. डावीकडे १ आणि उजवीकडे ‘जी’ आढळले, तर ती पहिल्या साच्यातून निघालेली प्रत. ‘लव्ह मी डू’ची पहिली आवृत्ती लाल लेबलची, काळ्या लेबलची प्रत नंतरची. एचएमव्हीच्या १९३० नंतरच्या भारतीय भाषांतील दहा इंची तबकड्यांवर बहुधा ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक असतो. लोकप्रिय गाण्यांच्या तबकड्या त्याच क्रमांकाने वर्षानुवर्षे पुन्हा निघत. त्यामुळे नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवणारा फसतो. लेबलचा रंग, कंपनीचे छापील नाव आणि कडेची जाडी मिळून काळ ठरतो.

प्रतीची अवस्था ‘मिंट’पासून ‘पुअर’पर्यंतच्या श्रेणींत सांगतात. ही परिभाषा सर्वत्र चालते. ब्रिटिश बाजारात ‘रेकॉर्ड कलेक्टर’ या मासिकाची किंमतसूची प्रमाण धरतात. मराठी ७८ ला अशी सूची नाही. भाव विकणाऱ्याच्या गरजेवर आणि घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरतो. खरेदीच्या जागा म्हणजे मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, आणि तालुक्याच्या गावी भंगारवाला. वाडा मोडताना माळ्यावरून उतरलेल्या पेटीत नाटकाची पदे, कीर्तन आणि एखादी इंग्रजी तबकडी एकत्र निघते. संग्राहकांना एकत्र आणण्याचे काम मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने केले. सुरेश चांदवणकर यांनी संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून कलावंतवार याद्या आणि कंपन्यांचे इतिहास प्रसिद्ध केले. भारतीय तबकड्यांची विश्वसनीय माहिती आज मुख्यतः तेथूनच घ्यावी लागते.

जतनाचे नियम द्रव्यागणिक बदलतात. विनाइलला उष्णता सोसत नाही. घाटावरचे बुलढाणा शहर थंड मानले जात असले, तरी पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत किंवा उभ्या मोटारीत ४५ ची तबकडी एका दुपारीत वाकते. लाखेची तबकडी पडली की फुटते, ओल लागली की बुरशी धरते. ती स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण त्यात लाख विरघळते. विनाइलवर मात्र स्पिरिटचे पातळ मिश्रण चालते. दोन्ही प्रकार उभे ठेवावेत. आडवी चळत तळच्या तबकड्यांना घातक असते. कागदी पाकिटे कसर खाते, म्हणून मूळ पाकीट वेगळे जपून तबकडी नव्या पाकिटात ठेवतात. ७८ साठी सुई रुंद लागते. ४५ ची सुई तिच्या खाचेच्या तळाला घासून नुसता आवाज काढते.

संगणकावर उतरवलेल्या प्रती प्रसिद्ध करताना कायदा आडवा येतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे ‘शीळ’ची मूळ तबकडी केव्हाच मुक्त झाली. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०६० च्या अखेरीपर्यंत आहे. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाची मुदत २०१३ मध्ये ५० वरून ७० वर्षांवर नेली. १९६२ ची ‘लव्ह मी डू’ त्याआधी काही महिने मुदतीबाहेर पडली होती. १९६३ पासूनच्या बीटल्सच्या तबकड्या या वाढीत सापडल्या.