एका चुलीचा हिशेब : कुटुंब, शिक्षण आणि राजकारण यांच्या संशोधनाचा इतिहास



एक साधे उदाहरण घ्या. दोन सख्खे भाऊ एकाच घराच्या दोन भागांत राहतात. शेतीचा सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे. आईचा औषधपाण्याचा खर्च दोघे मिळून करतात. पण दोघांच्या चुली वेगळ्या आहेत. हे एक कुटुंब की दोन?

प्रश्न परीक्षेत दोन गुणांना येईल असा वाटतो. पण २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली ती माणसागणिक नव्हे, कुटुंबागणिक. आणि एकत्र राहून एकत्र जेवणारी किंवा एकाच शिधापत्रिकेवर असणारी नात्यातली माणसे म्हणजे कुटुंब, असे ठरवले. म्हणजे वरच्या उदाहरणात उत्तर 'एक' असेल तर १०० दिवस आणि 'दोन' असेल तर २००. व्याख्या बदलली की मजुरी बदलते.

या टिपणात आपण विकसनशील समाजांवरील संशोधनाचा गेल्या शतकातील प्रवास पाहणार आहोत. कुटुंब, शिक्षण आणि राजकारण हे त्याचे तीन विषय. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडलेली दिसते : संशोधकांनी आधी सहज मोजता येईल ते मोजले आणि त्यावरून मोठे निष्कर्ष काढले. पुढे कोणीतरी मोजण्याचे एककच तपासले, तेव्हा उत्तरही बदलले.

१. तयार शिडी

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र झाले. हे देश पुढे कोणत्या वाटेने जातील, याचे कुतूहल विशेषतः अमेरिकी विद्यापीठांत फार होते. त्यातून 'आधुनिकीकरणाचा सिद्धांत' पुढे आला. डॅनियल लर्नर यांचे 'द पासिंग ऑफ ट्रॅडिशनल सोसायटी' (१९५८) हे त्याचे ठळक उदाहरण. तुर्कस्तान, इराण, इजिप्त यांसह पश्चिम आशियातील सहा देशांचा हा अभ्यास. अंकाराजवळच्या बालगात या गावातील एक मुखिया आणि एक किराणा दुकानदार यांच्यापासून तो सुरू होतो. मुखिया जुन्या जगात समाधानी, तर दुकानदार शहराची स्वप्ने पाहणारा. लर्नर यांची साखळी अशी : शहरे वाढतात, त्यातून साक्षरता, त्यातून वर्तमानपत्र आणि रेडिओ, आणि त्यातून राजकीय सहभाग.

या विचारसरणीने तीन अपेक्षा रूढ केल्या. उद्योग वाढले की एकत्र कुटुंब मोडेल. शाळा आणि कारखाना माणसाला आधुनिक करतील. आणि मतदान रुजले की जात, टोळी यांसारखी जुनी नाती राजकारणातून गळून पडतील. शिडी तयार होती. कोणता देश कितव्या पायरीवर आहे, एवढेच पाहायचे होते.

२. चूल मोजली, कुटुंब निसटले

भारतीय एकत्र कुटुंबाचे अभ्यासातील चित्र प्रथम कायद्यातून आले. हेन्री मेन यांचे 'एन्शंट लॉ' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदा सदस्य म्हणून भारतात आले. धर्मशास्त्र आणि मालमत्तेचे खटले यांतून दिसणारे कुटुंब मोठे, पुरुषप्रधान आणि सामाईक मिळकतीचे होते. कागदावरचे हे कुटुंबच गावोगावचे कुटुंब, असे पुढे अनेकांनी गृहीत धरले.

मग आली १९५१ ची जनगणना. तिने घरांचे आकारानुसार चार गट केले : ३ किंवा कमी माणसांचे लहान, ४ ते ६ चे मध्यम, ७ ते ९ चे मोठे आणि १० किंवा अधिक माणसांचे फार मोठे. लहान घरांचे प्रमाण बरेच निघाले आणि अहवालाने त्यावरून निष्कर्ष काढला की पूर्वीच्या रीतीने एकत्र राहणे आता चालत नाही. शिडीशी हे अगदी जुळत होते.

यात दोन गफलती होत्या. पहिली काळाची. त्या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. नातवंडांचे लग्न पाहायला आजी-आजोबा हयातच नसतील, तर तीन पिढ्यांचे घर बनणार कसे? शिवाय प्रत्येक घराला वय असते. आईवडील वारले आणि भाऊ वेगळे झाले की घर लहान होते. मुलांची लग्ने झाली की तेच घर पुन्हा मोठे होते. जनगणना त्या प्रवासातला एकच क्षण टिपते.

दुसरी गफलत व्याख्येची. १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांचे 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' प्रसिद्ध झाले. एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना त्यांनी एक छप्पर आणि एक चूल यांच्या बरोबरीने सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार आणि नाते यांचीही गणना केली. नात्यांची रचना देशभर एकसारखी नाही, हेही त्यांनी भाषाप्रदेशांच्या आधारे दाखवले. आता विचार करा : छप्पर आणि चूल वेगळी झाली, पण बाकी बंध टिकले, तर काय म्हणायचे?

हाच प्रश्न आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावी विचारला. त्यांचा ग्रंथ १९६४ चा. केवळ कोण कुठे जेवते एवढे न पाहता मालमत्ता कोणाची आणि लग्न, आजारपण, कर्ज या प्रसंगी कोण कोणाला बांधील आहे, हे त्यांनी पाहिले. स्वतंत्र राहणारी अनेक घरे या कसोटीवर एकमेकांशी जोडलेली निघाली. म्हणून त्यांनी एकत्र की विभक्त असे दोनच खाने न ठेवता एकत्रपणाच्या पायऱ्या मानल्या.

ए. एम. शहा यांनी १९७३ च्या ग्रंथात याची ऐतिहासिक बाजू मांडली. गुजरातमधील राधवाणज या गावाची १८२५ सालची नोंद त्यांना उपलब्ध होती. रेल्वे आणि गिरण्या येण्याच्या पूर्वीची ही नोंद. तरीही त्या गावात लहान, साधी घरे मोठ्या संख्येने होती. जे मोडले असे सांगितले जात होते, ते सर्वत्र मुळात होतेच असे नाही. आयुर्मान वाढल्यावर एकत्र घरांचे प्रमाण उलट वाढूही शकते, हे शहा यांनी पुढे मांडले. 'घर' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द वेगळे ठेवा, हा त्यांचा आग्रह आजही लक्षात ठेवावा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे लवकर पटेल. मापक चुकीच्या दोन टोकांना जोडला तरी आकडा येतोच. फक्त तो आपल्याला हव्या त्या गोष्टीचा नसतो.

३. शाळा नेमके काय बदलते?

दुसरी अपेक्षा शिक्षणाची. ॲलेक्स इंकेल्स आणि डेव्हिड स्मिथ यांचे 'बिकमिंग मॉडर्न' १९७४ मध्ये आले. अर्जेंटिना, चिली, भारत, इस्रायल, नायजेरिया आणि त्या वेळचा पूर्व पाकिस्तान या सहा देशांत सुमारे ६,००० जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. भारतातील मुलाखती बिहारमधल्या. नव्या अनुभवाची तयारी, नियोजन, बातम्यांत रस, स्त्रियांच्या हक्कांविषयीचे मत अशा प्रश्नांतून प्रत्येकाला 'आधुनिकते'चे गुण दिले गेले. शाळेचा परिणाम सर्वांत प्रबळ निघाला. कारखान्यातील कामही माणूस बदलते असे दिसले.

काम मोठे आणि काटेकोर होते. पण एक गोष्ट पाहा : मुलाखती दिलेले सगळे तरुण पुरुष होते. स्त्रियांच्या हक्कांविषयी प्रश्न होते, ते पुरुषांना विचारलेले. घरात शिक्षणाने काय बदलते, हे कळण्याची सर्वांत महत्त्वाची जागा नमुन्याच्या बाहेर राहिली.

ती जागा जॉन कॉल्डवेल यांच्या संशोधनात दिसते. नायजेरियातील इबादान शहराच्या पाहण्यांवर आधारलेला त्यांचा लेख १९७९ चा. शिकलेल्या आईची मुले दगावण्याचे प्रमाण कमी होते, आणि उत्पन्न किंवा वडिलांचा व्यवसाय विचारात घेऊनही हा फरक पुरता पुसला जात नव्हता. कारण काय? शाळेत आईने वैद्यक शिकलेले नसते. कॉल्डवेल यांचे उत्तर घरातील सत्तेकडे बोट दाखवते. शिकलेली सून आजारी मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी वडीलधाऱ्यांच्या परवानगीची वाट पाहत बसत नाही. घासातला वाटा मुलाकडे वळवते. दवाखान्यात तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. म्हणजे शाळेचा परिणाम कुटुंबातून वाट काढत मुलापर्यंत पोहोचतो.

हे उत्तरही तपासले गेले, आणि ते तसेच व्हायला हवे. सोनाल्डे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी १९९८ मध्ये २२ देशांची आकडेवारी पाहून दाखवले की पतीचे शिक्षण, नळाचे पाणी, शौचालय आणि राहण्याचा परिसर हिशेबात धरले की आईच्या शिक्षणाचा स्वतंत्र परिणाम बराच कमी होतो. लसीकरणाच्या बाबतीत तो अधिक टिकून राहतो. मुलगी शिकवली की बाकी सोयी आपोआप मिळतात, असे म्हणून पाण्याची योजना टाळता येत नाही.

४. जात मतपेटीपाशी थांबली नाही

तिसरी अपेक्षा राजकारणाची. लॉइड आणि सुझान रुडॉल्फ यांनी 'द मॉडर्निटी ऑफ ट्रॅडिशन' (१९६७) मध्ये तिला छेद दिला. भारतात जातीच्या संघटना हे जुन्या काळाचे अवशेष नसून लोकशाहीत उतरण्याचे नवे साधन आहे, असे त्यांनी मांडले. रजनी कोठारी यांनी १९७० मध्ये याच दिशेने सांगितले की राजकारण जातीमुळे बिघडले असे रडण्यापेक्षा राजकारणाने जातीचे काय केले ते पाहावे.

तमिळनाडूतील नाडार समाजाचे उदाहरण रॉबर्ट हार्डग्रेव्ह यांनी १९६९ च्या ग्रंथात तपशिलाने दिले. ताडावर चढून रस काढणारे म्हणून ज्यांना हीन लेखले गेले, त्यांच्यातील व्यापाऱ्यांनी 'महमै' नावाची सामाईक वर्गणी उभी केली. त्या पैशातून समाजाची कामे झाली, शाळाही चालल्या. १९१० मध्ये नाडार महाजन संगम स्थापन झाला. शासनदरबारी आपल्याला हिणवणाऱ्या जुन्या नावाऐवजी 'नाडार' लिहावे, ही मागणीही लढवली गेली. नोंदीतले एक नावसुद्धा राजकीय असते, हे इथे दिसते. याच समाजातील, विरुदुनगरचे कामराज लहानपणीच शाळा सोडावी लागूनही १९५४ ते १९६३ मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या काळात शाळांतील दुपारचे जेवण मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. समाज पुढे गेला तशी त्याची मतेही एका पक्षाला बांधलेली राहिली नाहीत, हे हार्डग्रेव्ह यांचे निरीक्षण विसरू नये.

५. तिन्ही धागे एकत्र : केरळ

१९८६ मध्ये कॉल्डवेल यांनी विचारले : केरळ, श्रीलंका आणि कोस्टा रिका येथे उत्पन्न कमी असूनही मृत्युदर इतका कमी कसा? त्यांच्या उत्तरात स्त्रियांचे स्वातंत्र्य, शिक्षण आणि आरोग्यसेवा, आणि सेवा नीट चालाव्यात म्हणून आग्रह धरणारे राजकारण, हे सर्व एकत्र आले.

केरळचे श्रेय अनेकदा नायरांसारख्या समाजांतील मातृवंशीय कुटुंबाला, किंवा त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वती बाईंच्या १८१७ च्या शिक्षणविषयक आज्ञेला दिले जाते. दोन्ही महत्त्वाचे, पण पुरेसे नाहीत. मातृवंशीय घरे मलबारमध्येही होती. तरी मद्रास प्रांतात असलेला मलबार शिक्षण आणि आरोग्यात त्रावणकोरच्या मागे राहिला, आणि १९५६ मध्ये केरळ राज्य झाल्यावर पुढच्या दशकांत ते अंतर भरून आले. कुटुंब तेच, राज्यकारभार वेगळा. आणि राणीच्या आज्ञेनंतर जवळजवळ शतक उलटूनही पुलय मुलांना शाळेचे दार बंद होते. १९०७ मध्ये साधुजन परिपालन संघ स्थापन करणारे अय्यंकाळी यांना त्यासाठी झगडावे लागले. शेतमजुरांनी कामावर बहिष्कारही टाकला. आज्ञेने शाळा निघते. ती सर्वांची होण्यासाठी कोणाला तरी दारात उभे राहावे लागते.

६. तुमच्या हातातला रकाना

हा इतिहास तुम्ही का वाचावा? तुमच्यापैकी कोणी राष्ट्रीय सेवा योजनेत गावाची पाहणी करील, कोणी एखाद्या शासकीय योजनेचे ॲप बनवील. त्यात 'कुटुंबप्रमुख' असा रकाना असेल. तिथे कोणाचे नाव येते, हा निसर्गनियम नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीला प्रमुख ठरवले. एका कलमाने रकान्यातील माणूस बदलला.

म्हणून फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. आपण मोजतो आहोत ते एकक कोणते? प्रश्न कोणाला विचारलाच नाही? आणि या उत्तरावर कोणाचे काय अवलंबून आहे? आकडेमोड चुकली तर ती पुन्हा करता येते. पण जो माणूस रकान्यात आलाच नाही, त्याची चूक कोणत्याही गणितात सापडत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. १९५१ च्या जनगणनेतील घरांच्या आकारावरून काढलेला निष्कर्ष कोणत्या दोन कारणांनी कच्चा ठरतो?

२. आईचे शिक्षण आणि बालमृत्यू यांचा संबंध तपासताना आणखी कोणते घटक हिशेबात धरावेत? का?

३. तुमच्या ओळखीच्या पाच घरांची नोंद दोनदा करा : एकदा चुलीनुसार, एकदा परस्परांवरील जबाबदाऱ्यांनुसार. कुटुंबांची संख्या बदलते का? बदलत असेल, तर एखाद्या योजनेत कोणाला फायदा आणि कोणाला तोटा होईल, ते लिहा.