काशी ते एट्टयपुरम : रागांच्या प्रवासाची एक हकीकत

यात्रेहून परतणारा मनुष्य सहसा रिकाम्या हातांनीं घरीं येत नाहीं. काशीहून गंगा येते, पंढरपुराहून बुक्का येतो, रामेश्वराहून शंख येतात. परंतु प्रवासांत मिळणारी एक वस्तु अशी आहे कीं, ती गांठोड्यांत दिसत नाहीं आणि जकातीच्या नाक्यावर तिची नोंदहि होत नाहीं. ती म्हणजे कानांत बसून आलेली एखादी चाल. सोबत्यांच्या मेळ्यांत ऐकलेली, धर्मशाळेंत किंवा देवळाच्या मंडपांत उचललेली, आणि घरीं आल्यावर चार स्नेह्यांना ऐकविलेली चाल. या देवघेवीचा जमाखर्च कोणी ठेवीत नाहीं. म्हणूनच कोणता राग कोणत्या वाटेनें कोठून कोठें गेला हें पुष्कळदां तर्कानेंच सांगावें लागतें. दक्षिणेंतील दीक्षितांचें घराणें हा मात्र या नियमाला मोठा अपवाद होय. या एका घरांत सुमारें शंभर वर्षें परमुलखाचें संगीत येत राहिलें, आणि शेवटीं त्याच घरांतून एक मोठा ठेवा महाराष्ट्रांत आला.

या घराण्याचे मूळ पुरुष रामस्वामी दीक्षित. जन्म १७३५, मृत्यु १८१७. त्यांचें वास्तव्य तिरुवारूरचें, आणि तिरुवारूर त्या काळीं तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यांत मोडत असे. हंसध्वनि हा राग रामस्वामींनीं निर्माण केला. त्यांचे थोरले चिरंजीव मुत्तुस्वामी हे १७७५ सालीं जन्मले. त्यागराज, श्यामाशास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षित ही कर्नाटक संगीताची त्रिमूर्ति सर्वश्रुत आहे. तिघांचेंहि जन्मस्थान तिरुवारूरच.

पुढें मद्रासजवळ मणली या गांवच्या मुदलियार नांवाच्या धनिकांनीं या कुटुंबास आश्रय दिला. हे मुदलियार कंपनी सरकारच्या दुभाष्याच्या घराण्यांतले असल्यामुळें गोऱ्या लोकांत त्यांची ऊठबस असे. त्यांच्याबरोबर दीक्षित मंडळी मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यांत जात आणि तेथें पलटणीचा बॅण्ड ऐकत. वेदपाठी ब्राह्मणांनीं फिरंग्यांचीं वाद्यें ऐकावीं हें त्या काळच्या मानानें लहानसहान धाडस नव्हे. पण त्यांनीं तीं ऐकलीं, आणि ऐकून विसरलीं नाहींत. मुत्तुस्वामींनीं त्या विलायती चालींवर सोप्या संस्कृत भाषेंत सुमारें चाळीस गीतें रचलीं. इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवरहि त्यांत एक देवीस्तोत्र आहे. धाकटे बंधु बालुस्वामी यांनीं तर त्या बॅण्डमधील फिडलच हातांत घेतली. गोरा वादक ती हनुवटीखालीं धरून वाजवी. दक्षिणी वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचें टोंक पायावर टेकवितो. एवढ्या एका फरकानें डावा हात मोकळा झाला आणि गमक, मींड हीं त्या वाद्यांतून निघूं लागलीं. आज कर्नाटक गायनाची बैठक व्हायोलिनच्या साथीवांचून क्वचितच होते. तें वाद्य त्या संगीतांत आणणाऱ्या पहिल्या मंडळींत बालुस्वामींचें नांव घेतलें जातें.

मणली येथेंच चिदंबरनाथ योगी नांवाच्या एका संन्याशाची आणि या कुटुंबाची गांठ पडली. योग्यांनीं मुत्तुस्वामींना आपल्याबरोबर काशीस नेण्याची इच्छा दर्शविली. तरुण मुलाला इतक्या दूर धाडावयास बापाचें मन घेईना, पण अखेर परवानगी मिळाली. रेल्वे नव्हती, काशीयात्रा म्हणजे पायांचा आणि नदीच्या वाटेचा प्रवास. गुरुशिष्य काशीस कांहीं वर्षें राहिले. तेथें मुत्तुस्वामींच्या कानांवर ध्रुपद पडलें. उत्तरेची संथ आलापी, एकेका स्वरावर ठाण मांडून बसण्याची रीति, हें सारें त्यांनीं जवळून ऐकलें. गुरूंचा देह काशींतच पडला आणि शिष्य एकटा दक्षिणेस परतला. गंगेंतून मिळालेली एक वीणा त्यानें बरोबर आणली अशी त्या घराण्यांत परंपरेची कथा आहे.

वीणेची कथा बाजूस ठेवली तरी त्यानें आणलेला दुसरा माल आजहि तपासतां येतो. आपल्या यमनाशीं जवळचें नातें सांगणारी यमुनाकल्याणी, जयजयवंतीची दक्षिणेंतली बहीण म्हणावी अशी द्विजावंती, आणि बृंदावनसारंग या रागांत दीक्षितांच्या उत्तम कृति आहेत. त्यांच्या रचनांतील धिम्या चालीवर ध्रुपदाची छाया आहे असें जाणकार सांगतात. विशेष हें कीं, त्यांनीं नक्कल केली नाहीं. पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण हा कृतीचा सांगाडा त्यांनीं आपलाच ठेवला. देवता दक्षिणेच्या क्षेत्रांतल्या, भाषा संस्कृत. पाहुणा राग घरांत आला आणि घरच्या माणसांसारखा पंक्तीला बसला.

काळांतरानें बालुस्वामी तिरुनेलवेलीच्या मुलखांतील एट्टयपुरम या लहानशा संस्थानांत दरबारी विद्वान झाले. मुत्तुस्वामीहि अखेरीस भावाकडे आले आणि १८३५ सालीं दिवाळीच्या दिवशीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. त्यांची समाधि एट्टयपुरम येथेंच आहे. बालुस्वामींनीं आपल्या मुलीचा मुलगा दत्तक घेतला. हेच सुब्बराम दीक्षित. जन्म १८३९. घराण्याच्या साऱ्या कृति, राग आणि लक्षणें त्यांच्यापाशीं होतीं, आणि बहुतेक त्यांच्यापाशींच होतीं. त्यांच्या मागें काय, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक गवयाच्या घराला लागू होता; आणि पुष्कळ घरांत त्याचें उत्तर स्मशानांतच मिळालें.

येथें ती पाळी आली नाहीं, याचें श्रेय एका दूरच्या स्नेह्याला आहे. मद्रासचे चिन्नस्वामी मुदलियार हे धर्मानें ख्रिस्ती, शिक्षणानें एम. ए.; कर्नाटकी कृति विलायती स्वरलेखनांत उतरवून छापण्याचा ध्यास त्यांनीं घेतला होता. त्या कामीं त्यांची व सुब्बराम दीक्षितांची गांठ पडली. घराण्याची विद्या कागदावर उतरून परक्याच्या हातीं देणें हें जुन्या पठडींतल्या विद्वानास सोपें नव्हे. मुदलियारांचा आग्रह आणि एट्टयपुरमच्या राजांचा आश्रय यांमुळें ती गोष्ट घडली. १९०४ सालीं ‘संगीतसंप्रदायप्रदर्शिनी’ हा तेलुगू लिपींतील प्रचंड ग्रंथ बाहेर पडला. मुत्तुस्वामींच्या दोनशेंहून अधिक कृति त्यांत स्वरलिपीसह आहेत. दोनच वर्षांनीं, १९०६ सालीं, सुब्बराम दीक्षित वारले. ग्रंथ छापावयास आणखी थोडा विलंब झाला असता तर काय गमावलें असतें, हें वेगळें सांगावयास नको.

त्याच १९०४ सालीं मुंबईचे एक वकील दक्षिणेच्या प्रवासास निघाले. हे विष्णु नारायण भातखंडे. १८६० सालीं गोकुळाष्टमीस वाळकेश्वरीं त्यांचा जन्म झाला. मुंबईंतील पारशी मंडळींनीं चालविलेल्या गायनोत्तेजक मंडळींत त्यांनीं शेंकडों चीजा ऐकल्या आणि मिळविल्या. ऐकतां ऐकतां त्यांना एक अडचण जाणवली. चीजा आहेत, गवई आहेत, पण एकाचा राग दुसऱ्याच्या रागाशीं जुळत नाहीं, आणि राग-रागिणी-पुत्र या जुन्या कुळकथेंत प्रत्यक्ष गायनाचा मेळ बसत नाहीं. दक्षिणेंत रागांची व्यवस्था लावणारें शास्त्र जिवंत आहे असें त्यांच्या कानांवर होतें. म्हणून प्रश्न तयार करून, रोजनिशी बरोबर घेऊन, ते मद्रास, तंजावर, मदुरा असे हिंडत एट्टयपुरमला पोंचले.

तामिळ आणि तेलुगू या भाषा पाहुण्याच्या नव्हत्या. मराठी यजमानांची नव्हती. उभयतांना सामाईक होते ते बारा स्वर आणि संस्कृत ग्रंथ. तेवढ्या भांडवलावर संभाषण झालें. सुब्बराम दीक्षितांकडून भातखंड्यांना व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत मिळाली. सतराव्या शतकांत, तंजावरच्या नायक राजांच्या काळीं झालेल्या या पंडितानें बहात्तर मेळांचा जो हिशेब मांडला, तो थोडक्यांत असा : षड्ज व पंचम हे अचल; ऋषभ-गांधारांच्या जोड्या सहा, धैवत-निषादांच्या जोड्या सहा; सहा साहें छत्तीस; मध्यम शुद्ध घेतला तर छत्तीस मेळ, तीव्र घेतला तर आणखी छत्तीस. एकूण बहात्तर. कोणताहि राग यांतल्या कोणत्या तरी घरांत बसतोच.

भातखंड्यांनीं बहात्तर घरें उचलून आणलीं नाहींत. हिंदुस्थानी गवयांच्या कंठांतील राग तपासून त्यांनीं दहा थाट पुरेसे मानले : कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. दहा थोडे कीं पुरेसे, यावर वाद झाले आणि अजूनहि होतात. पण संगीताच्या वर्गांत पहिल्या वर्षाला बसलेला आपल्या घरचा मुलगा जेव्हां थाटांचीं नांवें पाठ करतो, तेव्हां त्या पाठांतराचा एक धागा एट्टयपुरमच्या ओसरीपर्यंत जातो. काशीहून जें दक्षिणेंत गेलें होतें, त्याची परतफेड शतकभरानें, त्याच घरांतून झाली.

भातखंड्यांचे प्रवास एवढ्यावर थांबले नाहींत. १९०७ सालीं ते कलकत्त्यास गेले आणि राजा सौरींद्रमोहन ठाकूर यांस भेटले. पुढें उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. पुष्कळ ठिकाणीं दार उघडलें नाहीं. जेथें उघडलें तेथें स्नेही मिळाले. हैदराबादेस अप्पा तुलसी यांनीं नव्या पद्धतीवर संस्कृतांत ग्रंथ रचले; लखनौकडे नवाब अली यांनीं तीच पद्धति उर्दूंत ‘मआरिफुन्नगमात’ या ग्रंथांत उतरविली. आपण मिळविलेलें भातखंड्यांनीं ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाच्या चार भागांत, गुरुशिष्यांच्या संवादरूपानें छापून टाकलें. १९१६ सालीं बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ज्यांच्या दारीं आजवर जावें लागलें, तेच आतां एका मंडपांत आले.

तरी एक शंका उरते. भातखंडे दक्षिणेंत गेले ते प्रश्न घेऊन. गाणें घेऊन नव्हे. शास्त्र त्यांनीं आणलें, पण दक्षिणेचें गाणें त्यांच्याबरोबर महाराष्ट्रांत आलें असें म्हणवत नाहीं. तें काम दुसऱ्याच वाटसरूनें केलें. खांसाहेब अब्दुल करीम खां हे मिरजेहून धारवाड, म्हैसूर, मद्रास असे वारंवार जात. त्यांची आणि भातखंड्यांची मतें जुळत नसत. खांसाहेब मैफल गाजवून परत येत, पण गाजवितांना ऐकतहि असत. त्यागराजांची खरहरप्रियेंतील कृति त्यांनीं ध्वनिमुद्रिकेवर गाऊन ठेवली आहे. त्यांच्या सरगमांत दक्षिणेच्या स्वरगायनाचा ठसा आहे असें त्यांचे श्रोते म्हणत. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत मद्रासेहून पांडेचरीस जात असतां गाडींत त्यांची प्रकृति बिघडली. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तेथेंच, फलाटावर, त्यांचा अंत झाला. देह मिरजेस आणून दफन करण्यांत आला.

एक संन्याशामागून चालत काशीस गेला, एक प्रश्न घेऊन आगगाडीनें रामेश्वराच्या वाटेला लागला, एक गातां गातां वाटेंतच राहिला. तिघांचे स्वभाव निराळे आणि हेतुहि निराळे. सारखी गोष्ट एकच. मिळालेलें कोणींहि कुलुपांत ठेवलें नाहीं. एकानें तें कृतींत ओतलें, दुसऱ्यानें छापलें, तिसऱ्यानें गाऊन दाखविलें. त्याच काळांत ज्या घरांनीं आपली विद्या फार जपली, त्यांपैकीं कितीकांचीं नांवेंहि आज कोणास ठाऊक नाहींत. रामस्वामी दीक्षितांचा हंसध्वनि मात्र महाराष्ट्रांतील मैफलींत आज इतका रुळला आहे कीं, तो तिरुवारूरहून आला हें ऐकणाऱ्यास सांगावें लागतें.