भिंत आपल्या हातची

दसरा जवळ आला, घराघरांत साफसफाई सुरू झाली. म्हणून आज घर सजवण्याविषयी बोलू.

आपल्या सातारा-सांगलीकडे घर वर्षातून अनेकदा नवं होतं. चैत्रात गुढी आणि दारापुढं चैत्रांगण. श्रावणात नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे. दसऱ्याआधी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, जमीन शेणानं सारवायची. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडायच्या.

ही नुसती हौस नव्हती. पावसाळ्यात मातीच्या भिंती ओल धरत, त्यांना भेगा पडत. पोतारताना त्या बुजत. सणाच्या निमित्तानं घराची डागडुजीच होई, आणि ती करत आपल्या आया-आज्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पाटण भागातली दगडमातीची घरं कोसळली. ती पुन्हा उभी करताना त्यांचेही हात राबले.

पण कागदावर बहुतेक नाव पुरुषाचंच राहिलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क देण्याचं पाऊल महाराष्ट्रानं 1994 साली टाकलं. 2005 साली ते देशभर झालं. गावातल्या घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर पतीबरोबर पत्नीचंही नाव लावता येतं.

तेव्हा यंदा भिंत रंगवायच्या आधी ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढू. गटाच्या बैठकीत तो मोठ्यानं वाचू. ज्या घराची भिंत आपण दरवर्षी नवी करतो, त्याच्या कागदावर आपलं नाव आहे का, हे एकदा पाहू.