गोल्फ शिकायचंय? मग आधी तुमची पातळी ओळखा!

'मनगट असं वळवा, चेंडू २० यार्ड लांब जाईल!' गोल्फचे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. येरवड्यातल्या पूना क्लबच्या १८ होलच्या मैदानामुळे आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक खेळलेल्या उदयन मानेमुळे पुण्याला हा खेळ नवा नाही. पण तो शिकताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ती म्हणजे, एका खेळाडूला उपयोगी पडलेला सल्ला दुसऱ्याचा खेळ बिघडवू शकतो.

पातळी कशी ठरते?

गोल्फमध्ये त्यासाठी 'हँडिकॅप' नावाचा आकडा असतो. २०२० पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून हा आकडा निघतो. महिला असो वा पुरुष, तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो. आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला.

समजा, मुलीचा हँडिकॅप ८ आहे आणि वडिलांचा २८. तिने ८४ फटक्यांत फेरी संपवली, वडिलांनी १०० फटक्यांत. हँडिकॅप वजा केला की तिचे होतात ७६ आणि वडिलांचे ७२. म्हणजे वडील जिंकले! मैदान किती अवघड आहे त्यानुसार हा आकडा थोडा बदलतो, पण हिशोब असाच.

अगदी नवखे असाल तर

क्लब कसा धरायचा, उभं कसं राहायचं, नेम कुठे धरायचा, इथून सुरुवात होते. अनेक कोच होलजवळच्या छोट्या फटक्यांपासून शिकवतात, कारण छोट्या हालचालीतली चूक लवकर दिसते. नियमानुसार बॅगेत १४ क्लब चालतात, पण सुरुवातीला पटर, वेज आणि एक-दोन आयर्न पुरेसे आहेत. पूर्ण सेट घ्यायची घाई नको.

थोडंफार खेळता येत असेल तर

इथे अंदाज नको, नोंद हवी. किती चेंडू हद्दीबाहेर गेले, ग्रीनवर किती पट लागले, हे दर फेरीला लिहून ठेवा. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांचा अभ्यास केला. चांगल्या आणि साधारण खेळाडूंमधला जवळपास दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपेक्षा लांबच्या फटक्यांमुळे पडतो, असं त्यांना आढळलं. तरीही तुमचे फटके नेमके कुठे वाया जातात, हे तुमची वहीच सांगेल.

सरावही बदला. एकाच क्लबने ५० चेंडू मारण्यापेक्षा दर फटक्याला क्लब आणि लक्ष्य बदला. मैदानावर तोच फटका लागोपाठ दोनदा क्वचितच मारावा लागतो.

अनुभवी असाल तर

मानसशास्त्रज्ञ शॉन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पटिंगवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळाडूंना एकदा अचूकतेवर भर द्यायला सांगितलं, एकदा झटपट पट मारायला. घाईत नवख्यांचा खेळ घसरला. तरबेज खेळाडू मात्र घाईतच जास्त चांगले खेळले!

कारण सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचालीवर जास्त विचार केला की ती अडखळते. म्हणून अनुभवी खेळाडूला सतत 'कोपर सरळ, मान खाली' असं सांगत राहणं घातक ठरू शकतं. त्याच्यासाठी कोणता फटका कधी मारायचा, धोका कुठे टाळायचा, दडपणात काय करायचं, हे शिकणं जास्त महत्त्वाचं.

कोच निवडताना काय पाहाल?

चांगला कोच आधी तुम्हाला चेंडू मारायला लावतो. जुनी पाठदुखी आहे का, आठवड्यात किती वेळ देऊ शकता, हेही विचारतो. एका वेळी एकच गोष्ट सुधारायला देतो. आणि पहिल्याच दिवशी, तुमचा एकही फटका न पाहता तो स्विंग बदलायला सांगत असेल, तर? तो रीलच दाखवतोय, शिकवत नाहीये.