खानदेशातील बेवड आणि सोयाबीनचे जीवाणू

आधीच्या पिकामुळे जमिनीस जो गुण येतो, त्यास आपला शेतकरी 'बेवड' म्हणतो. खानदेशच्या काळ्या जमिनीत कपाशी व ज्वारी यांच्या जोडीने तूर, मूग, उडीद ही पिके घेण्याची वहिवाट जुनी आहे; १८८० च्या खानदेश गॅझेटिअरातही या कडधान्यांची नोंद सापडते. द्विदल पिकाचा बेवड चांगला, हे अनुभवाने ठाऊक होते; त्याचे कारण मात्र पुष्कळ उशिरा उलगडले.

१८८६ साली जर्मनीत हेलरिगेल व विलफार्ट यांनी, द्विदल वनस्पती मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्र मिळवितात, हे दाखवून दिले. १८८८ साली हॉलंडमध्ये बायेरिंक याने या गाठींतील जीवाणू वेगळा केला. १८९६ साली नोब्बे व हिल्टनर यांना जीवाणू-संवर्धनाचे पेटंट मिळाले. भारतात या अभ्यासाचा आरंभ १९२० साली एन. व्ही. जोशी यांनी केला.

येथे असा प्रश्न उपस्थित होतो की, तूर व मूग यांना जे जमिनीतच लाभले, ते सोयाबीनला बाहेरून का द्यावे लागले? उत्तर असे की, जीवाणू व वनस्पती यांचे सख्य ठराविक असते. अमेरिकेतून आलेले पिवळ्या दाण्याचे वाण मूग-तुरीच्या जीवाणूंशी सहसा जुळत नाहीत. त्यांना ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम हा जीवाणू लागतो. १९६७ साली सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. पुढे पीक पसरले, तशी गुळाच्या पाण्यात संवर्धन कालवून बियाण्यास चोळण्याची व ते सावलीत सुकविण्याची रीतही पसरली.

परंतु प्रयोगशाळेतील जीवाणू प्रत्येक जमिनीत सारखाच नांदेल, असे गृहीत धरता येत नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही ते सहजी उपलब्ध होत नाही. आणि नत्र बांधणारे विकर व गाठीस गुलाबी रंग देणारे द्रव्य, या दोहोंस लोह आवश्यक असते. जळगाव येथील तत्कालीन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील संशोधकांनी, लोह बांधून घेणारी सिडेरोफोर द्रव्ये निर्माण करणाऱ्या ब्रॅडिरायझोबियममुळे सोयाबीनचे उत्पन्न वाढते, असे प्रतिपादन करणारा निबंध २००२ साली प्रसिद्ध केला. त्याचे महत्त्व आमच्या मते याच संदर्भात पाहावयास हवे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. सोयाबीनने मिळविलेला नत्र बव्हंशी दाण्याबरोबर शेताबाहेर जातो. त्यामुळे पिकास जीवाणूंचा लाभ झाला, म्हणजे जमिनीस बेवड लाभलाच, असे अनुमान काढता येणार नाही. पिकाचे उत्पन्न आणि जमिनीचा कस हे दोन वेगळे हिशेब आहेत. 'बेवड' या शब्दात दुसऱ्या हिशेबाची आठवण आहे, आणि संशोधकानेही तो मांडल्यावाचून राहू नये.