ड्रायव्हरचा अ‍ॅड्रेस (गोल्फ)

अ‍ॅड्रेस ही गोल्फ या खेळातील फटक्यापूर्वीची स्थिती होय. खेळाडू चेंडूच्या बाजूस उभा राहतो, पवित्रा घेतो आणि क्लबचे डोके चेंडूमागे आणून क्षणभर स्थिरावतो. या सज्जतेला अ‍ॅड्रेस असे म्हणतात. या शब्दाचा येथील अर्थ ‘पत्ता’ असा नसून ‘एखाद्याकडे रोख वळवणे’ असा आहे. ड्रायव्हर या क्लबच्या बाबतीत ही स्थिती इतर क्लबांपेक्षा बरीच वेगळी असते, कारण त्याने चेंडू सहसा जमिनीवरून मारला जात नाही, तर टी नावाच्या लहानशा खुंटीवरून मारला जातो. प्रस्तुत लेखातील डावे-उजवे उजव्या हाताने खेळणाऱ्यास अनुसरून आहे. डावखुऱ्या खेळाडूने ते उलट समजावे.

ड्रायव्हरची रचना

ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान नियमानुसार जास्तीत जास्त ४६० घन सेंटिमीटर असू शकते. क्लबची लांबी ४८ इंचांपेक्षा अधिक नसावी असा सर्वसाधारण नियम असून, २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना स्थानिक नियमाद्वारे ही मर्यादा ४६ इंचांवर आणण्याची मुभा आहे. नित्य वापरातील ड्रायव्हर ४५ इंचांच्या आसपास असतो. चेंडूवर आदळणाऱ्या सपाटसर बाजूस मुख म्हणतात. मुखाचा उभ्या रेषेपासूनचा कल, म्हणजे लॉफ्ट, ड्रायव्हरमध्ये साधारण ८ ते १२ अंश इतकाच असतो. दांडा डोक्यात बसतो त्या बाजूस हील आणि त्याच्या विरुद्ध टोकास टो अशी नावे आहेत.

पूर्वी डोकी पर्सिमन नावाच्या लाकडाची आणि आकाराने लहान असत, त्यामुळे टीही जमिनीलगत खोचली जाई. धातूची पोकळ डोकी मोठी होत गेली तशी टीची उंची वाढली. क्लब जमिनीवर टेकवला असता निम्मा चेंडू डोक्याच्या वरच्या कडेपेक्षा उंच दिसावा, हा आजचा प्रचलित ठोकताळा आहे. नियमानुसार टीची लांबी ४ इंचांपेक्षा अधिक नसावी.

चेंडूची जागा आणि पवित्रा

ड्रायव्हरच्या वेळी चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत ठेवला जातो. क्लबचे डोके वर्तुळाकार मार्गाने खाली येते आणि त्या मार्गाचा सर्वांत खालचा बिंदू साधारणतः डाव्या खांद्याच्या खाली किंवा किंचित मागे पडतो. चेंडू त्या बिंदूच्या पुढे असला, तर डोके वर चढू लागलेले असताना त्याला गाठते. अशा फटक्यात चेंडू उंच उडतो, त्याला उलटी फिरकी कमी मिळते आणि तो लांब जातो. जमिनीवरून खेळताना, विशेषतः आयर्न क्लबांनी, याच्या उलट करावे लागते. तेथे डोके खाली उतरत असतानाच चेंडू गाठायचा असतो.

पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक फाकलेले असतात. ग्रिपवर उजवा हात डाव्याच्या खाली असल्यामुळे उजवा खांदा आपोआप खाली येतो आणि पाठीचा कणा लक्ष्यापासून किंचित मागे कलतो. अमेरिकी खेळाडू बेन होगन यांनी १९५७ सालच्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात उजवे पाऊल लक्ष्यरेषेशी काटकोनात आणि डावे पाऊल थोडे बाहेर वळवलेले असावे असे सांगितले आहे. सर्वांनीच तसे करावे असे आज मानले जात नाही.

चेंडू इतका पुढे ठेवण्यात एक अडचण लपलेली असते. त्याच्यापर्यंत क्लब पोहोचवताना खांदे नकळत लक्ष्याच्या डावीकडे वळतात. पावले बरोबर असूनही खांद्यांची रेषा बिघडते. मग क्लब बाहेरून आत असा तिरपा फिरतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. या वळणाऱ्या फटक्याला स्लाइस म्हणतात. नवशिक्यांचा हा सर्वांत परिचित दोष असून, त्याचे मूळ पुष्कळदा फटक्यात शोधले जाते, प्रत्यक्षात ते अ‍ॅड्रेसमध्येच असते.

क्लबचे मुख

मुख लक्ष्यरेषेशी काटकोनात ठेवणे हा सर्वमान्य आरंभ आहे. चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे क्लबच्या मार्गावर ठरते असे जुन्या शिकवणीत सांगितले जाई. मोजमापाची साधने आल्यावर आरंभीची दिशा मुख्यत्वे आघातक्षणीच्या मुखावर अवलंबून असते हे स्पष्ट झाले. त्यामुळे मुखाच्या मांडणीचे महत्त्व वाढले. मात्र अ‍ॅड्रेसला मुख सरळ असले म्हणजे आघाताच्या वेळीही ते सरळच येईल, अशी हमी देता येत नाही.

ड्रायव्हरचा तळ गोलसर असतो. तो जमिनीवर सोडून दिला की काही क्लबांचे मुख आपोआप डावीकडे, तर काहींचे उजवीकडे वळून बसते. म्हणून अनुभवी खेळाडू आधी मुख लक्ष्याकडे करतात, मग त्याला धक्का न लावता हातांची पकड घेतात. जॅक निकलस चेंडूच्या पुढे काही फुटांवर लक्ष्यरेषेतील एखादी खूण, जसे की गवताचा डाग किंवा पडलेले पान, हेरून मुख तिच्याकडे रोखत. शेकडो फूट दूरच्या लक्ष्यापेक्षा जवळच्या खुणेशी मुख जुळवणे सोपे जाते.

टेकवावे की अधांतरी धरावे

ड्रायव्हरच्या अ‍ॅड्रेसमधील सर्वांत रंगलेला मतभेद हा आहे. बहुसंख्य खेळाडू क्लबचा तळ चेंडूमागे गवतावर टेकवतात. त्याने हातांना आधार मिळतो आणि मुखाची दिशा न्याहाळता येते. गैरसोय अशी की चेंडू टीवर उंच आणि क्लब जमिनीवर असल्याने मुखाचा मध्य चेंडूच्या बराच खाली राहतो. शिवाय क्लबचा भार जमिनीवर सोडलेला असतो. क्लब मागे नेताना तो भार अचानक हातांवर येतो, पकड आवळली जाते आणि सुरुवातच झटक्याने होते. डोके गवतात अडकण्याचाही संभव असतो.

अठरा प्रमुख स्पर्धा जिंकणारे निकलस क्लब टेकवत नसत. ते डोके जमिनीपासून किंचित वर धरत. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग नॉर्मन यांचीही हीच पद्धत होती. क्लबचे वजन सुरुवातीपासून हातांत असल्याने पकडीतील ताण बदलत नाही आणि डोके चेंडूच्या उंचीवर असल्याने त्याच उंचीवर परतणे सोयीचे होते, असे या पद्धतीचे समर्थक मानतात. सवय नसलेल्याचे हात मात्र थरथरतात आणि थरथर थांबवण्यासाठी तो पकड अधिकच आवळतो. मग टाळायचा ताण दुसऱ्या वाटेने आत येतो. म्हणून निकलस यांचे अनुकरण हा प्रत्येकासाठी उपाय ठरत नाही. टेकवायचेच असेल, तर क्लब जमिनीला जेमतेम स्पर्श करील इतपतच टेकवणे हा मधला मार्ग अनेकांना मानवतो.

कॅनडाचे मो नॉर्मन (१९२९–२००४) यांचा प्रकार या दोहोंहून निराळा होता. अचूकतेसाठी विख्यात असलेले हे खेळाडू क्लबचे डोके चेंडूला लागून न ठेवता सुमारे एक फूट मागे ठेवत. त्यांचे हात आणि दांडा जवळजवळ एका सरळ रेषेत असत. पाठ्यपुस्तकी अ‍ॅड्रेसच्या दृष्टीने त्यांची उभे राहण्याची तऱ्हा विचित्र होती, परंतु चेंडू सरळ जाई.

अ‍ॅड्रेस आणि आघात

अ‍ॅड्रेस म्हणजे आघाताचे आगाऊ काढलेले चित्र, ही समजूत मार्गदर्शक पुस्तकांतून रूढ झाली आहे. ती अर्धीच खरी आहे. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचे डोके ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडूवर येते आणि स्पर्श सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. या वेगात हात ताणले जातात आणि मनगटे अ‍ॅड्रेसपेक्षा उंच येतात. डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेबाहेर असल्याने दांडा वाकून टो खाली झुकतो. कंबर तोवर लक्ष्याकडे वळलेली असते. अ‍ॅड्रेसला टो जमिनीपासून थोडा उचललेला दिसला, तर तो दोष नव्हे. वेगात ती उंची बरीचशी भरून निघते. टो आणि हील दोन्ही जमिनीला समतल टेकावीत म्हणून हात उचलून उभे राहणारा खेळाडू विनाकारण अवघडतो.

याच कारणाने काही खेळाडू अ‍ॅड्रेसला चेंडू मुखाच्या मध्यासमोर न ठेवता टो किंवा हीलकडे सरकवून ठेवतात. आघात सतत हीलजवळ होत असेल, तर चेंडू टोकडे ठेवून पाहिला जातो. हे स्वतःच्या फटक्याचा ठसा मुखावर तपासून ठरवायचे असते. दुसऱ्याचे माप येथे उपयोगी पडत नाही.

नियम

अ‍ॅड्रेस ही केवळ शैलीची बाब नव्हती. तिच्यावर दंड अवलंबून असे. २०१२ पूर्वीच्या नियमानुसार खेळाडूने पवित्रा घेऊन क्लब टेकवला की अ‍ॅड्रेस पूर्ण होई. त्यानंतर खेळातील चेंडू हलला, तर तो खेळाडूनेच हलवला असे गृहीत धरून एका फटक्याचा दंड होई. क्लब न टेकवणाऱ्याचा अ‍ॅड्रेस पूर्णच होत नसल्याने तो या गृहीतातून सुटे. निकलस यांच्या सवयीमागे हेही एक कारण होते. २०११ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथील झुरिक क्लासिक स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत आघाडीवर असलेल्या वेब सिम्पसन यांचा चेंडू १५व्या ग्रीनवर पटर टेकवल्यानंतर किंचित हलला. त्यांना दंड झाला आणि पुढे प्लेऑफमध्ये बुब्बा वॉटसन यांच्याकडून ते हरले. २०१२ पासून, चेंडू खेळाडूमुळे हलला नाही हे निश्चित असल्यास दंड नाही, अशी सवलत आली. २०१६ मध्ये ते गृहीतकच काढून टाकण्यात आले आणि २०१९ च्या नियमांतून अ‍ॅड्रेसची व्याख्याही गेली. वाळूच्या बंकरमध्ये मात्र चेंडूच्या लगेच मागे किंवा पुढे क्लब वाळूला टेकवण्यास आजही मनाई आहे. तेथे तो अधांतरी धरणे सर्वांनाच भाग पडते.

टीवरील ड्रायव्हरला यांपैकी कशाचीच धास्ती नसते. फटका मारला जाईपर्यंत तेथील चेंडू खेळात आलेला नसतो. क्लब लागून तो टीवरून पडला, तरी दंडाशिवाय पुन्हा ठेवता येतो. क्लबामागचे गवत दाबण्यासही टीच्या क्षेत्रात हरकत नाही. २०१९ च्या मास्टर्स स्पर्धेत १३व्या टीवर सराव म्हणून क्लब फिरवताना झॅक जॉन्सन यांचा ड्रायव्हर चेंडूला लागला आणि चेंडू बाजूला उडाला. तो फटका मारण्याच्या हेतूने फिरवलेला नसल्याने मोजला गेला नाही. जॉन्सन यांनी चेंडू पुन्हा टीवर ठेवला आणि नव्याने अ‍ॅड्रेस घेतला.